सारथ्याची झोप



यंदाच्या आषाढातली शुद्ध नवमीची रात्र. दहाचा सुमार. हिंदमाताला पाऊस नुकताच उघडला होता, रस्त्याच्या कडेला अजून घोटाभर पाणी होते, कापडाच्या दुकानांची शटरे खाली आली होती. आमच्या चाळीच्या तोंडाशी पंढरीला निघालेली गाडी उभी. टाळांची पेटी, पखवाज, फराळाचे डबे सगळे आत गेले होते. बायामाणसे जागेवर बसली होती. पुढे पताका बांधून झाली होती. गळा साथ देईना म्हणून मी कीर्तन सोडले त्याला आता बरीच वर्षे झाली; पण निघणाऱ्या मंडळींना बुक्का लावायला मी खाली उतरतोच.

गाडी चालवणारा मुलगा आमच्याच मजल्यावरचा. दिवसा एका कंपनीची गाडी चालवतो. त्याला बुक्का लावताना त्याचे डोळे पाहिले आणि विचारले, "बाळा, आज उठलास कधी?"

"पाचला, बुवा."

"दुपारी पाठ टेकलीस का?"

"कुठलं बुवा! दिवसभर फेऱ्याच चालू होत्या. पण काळजी नको. चहा झालाय. आणि गाडीत भजन चालूच असणार."

मी मनात हिशेब केला. पहाटे पाच ते रात्री दहा म्हणजे सतरा तास. इथून पंढरपूर साडेतीनशे किलोमीटरच्या वर. चंद्रभागा दिसेपर्यंत या पोराला जागून चोवीस तास होणार. मी गाडीच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, ही गाडी आता हलायची नाही."

पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी मी असे का बोललो ते सांगायला हवे, कारण त्यात माझ्या एका अपराधाची कबुली आहे.

माझा जन्म गिरणगावातला. वडील परळच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. त्यांना रातपाळी असली की सकाळी येऊन, दोन घास खाऊन ते आतल्या कोपऱ्यात आडवे होत. मग आई दारात बसे आणि आम्हा पोरांना गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला पिटाळी. शेजारची बाई मसाला कुटायला लागली तर कोणीतरी सांगे, "रातपाळीचा माणूस झोपलाय," आणि मुसळ थांबे. कोणाच्या घरचे बारसे असले तरी आवाज खाली येई. याचे कारण सगळ्यांना ठाऊक होते. साच्यापुढे डुलकी लागली तर बोट जाते, आणि बोट गेले तर घर जाते. म्हणून एका माणसाची झोप सगळी चाळ सांभाळायची. हा धर्म आम्हाला कोणी पोथीतून शिकवला नव्हता.

मी तो पाहत वाढलो आणि पुढे विसरलो. आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे काढली, कीर्तनाला उभा राहिलो, आणि लोकांना जागे ठेवणे हाच माझा व्यवसाय झाला. सप्ताहातले रात्रीचे कीर्तन, त्यानंतरचा हरिजागर, एकादशीचे जागरण. मी इतक्यांदा जागण्याची थोरवी गायली की झोप ही जणू हरिभक्ताला लागलेला कलंकच आहे, असे माझ्या नकळत माझ्या मनात बसले.

१९९८ सालचा चैत्र. खटाव तालुक्यातल्या एका गावी सप्ताहात रात्रीचे कीर्तन होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला संगमनेरजवळ काल्याचे कीर्तन. मध्ये पावणेतीनशे किलोमीटरचा रस्ता. कीर्तन अकराला उतरले, पंगत बारापर्यंत चालली, आणि साडेबाराला आम्ही जीपने निघालो. जीप चालवणारा पोरगा तेविसेक वर्षांचा. आदल्या रात्रीही त्यानेच आम्हाला आणले होते, आणि दिवसभर गावात त्याला कोणी झोपू दिले नव्हते. हे आणा, त्यांना सोडा, चालूच. मी मागच्या बाकावर. पुढे त्याच्याशेजारी आमचे मृदंगाचार्य. वीस वर्षे त्यांनी मला साथ केली होती.

चाकणला चहाला थांबलो. साडेतीन झाले असतील. पोरगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "बुवा, अर्धा तास पडू का? डोळं जड झाल्यात."

मी काय म्हणालो ते मला आजही शब्दाला शब्द आठवते. "काला दहाला आहे बाळा, लोक खोळंबतील. देवाच्या कामाला चाललोय. पांडुरंग आहे सांभाळायला. चल."

तो काही बोलला नाही. तोंडावर पाणी मारले आणि बसला. मी मागे आडवा झालो आणि झोपलो. हे मुद्दाम सांगतो, माउली. ज्याला झोप हवी होती त्याला मी नाही म्हटले, आणि ज्याला गरज नव्हती तो मी झोपलो.

नारायणगाव मागे पडले होते, आळेफाटा यायचा होता. रस्त्याला हलके वळण होते. गाडी वळली नाही. सरळ चिंचेच्या झाडावर गेली. ब्रेकचा आवाजसुद्धा झाला नाही, कारण ब्रेक दाबायला कोणी जागे नव्हते. माझ्या कपाळाला चार टाके पडले. पोराच्या बरगड्या मोडल्या. तो वाचला, पण पुन्हा कधी स्टिअरिंगला बसला नाही. मृदंगाचार्यांचा डावा हात मनगटापासून चिरडला. ज्या हाताने ते धुमाचा घुमारा काढायचे तो हात पुढे नुसता लोंबत राहिला.

यानंतरची गोष्ट मला अधिक लाजवते. लोक म्हणाले, पांडुरंगाने बुवांना वाचवले. मला ते आवडले. मी तो प्रसंग कीर्तनात दृष्टांत म्हणून सांगू लागलो. देव भक्ताला कसा सांभाळतो, याचा दृष्टांत. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचे. असे मी पाच-सहा वर्षे केले.

एकदा त्यांच्याच गावी कीर्तन होते. मृदंगाचार्य श्रोत्यांत बसले होते. कीर्तन झाल्यावर पाया पडायला आले. एकाच हाताने नमस्कार केला आणि शांतपणे म्हणाले, "बुवा, देवानं सांभाळलं म्हणता, खरंच आहे. पण देवानं चाकणलाच सांगितलं होतं. त्या पोराच्या तोंडून. आपण ऐकलं नाही."

त्या दिवसापासून तो दृष्टांत मी पुन्हा सांगितला नाही. आज प्रथमच सांगतो आहे, आणि सरळ करून सांगतो आहे.

आता शास्त्राकडे येऊ. आपल्या देवाचे एक नाव पार्थसारथी आहे, ते आपण किती सहज घेतो! सारथी म्हणजे आजच्या भाषेत गाडी चालवणारा. द्रोणपर्वात एक प्रसंग आहे. युद्धाचा चौदावा दिवस. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. जयद्रथ दूर आहे, मध्ये कौरवांची सेना आहे, दिवस कलतो आहे. याहून मोठी घाई कोणाला असणार? आणि त्याच वेळी अर्जुनाच्या ध्यानात येते की घोडे बाणांनी घायाळ झाले आहेत, थकले आहेत. तो सारथ्याला विचारतो की आता काय करावे, घोडे सोडून त्यांच्या अंगातले बाण काढावेत का. भगवंत सांगतात की त्यांच्याही मनात तेच होते. मग भर रणांगणात रथ थांबतो. अर्जुन बाणाने भूमी भेदून पाणी काढतो, बाणांचेच घर उभे करतो, आणि स्वतः जमिनीवर उभा राहून एकटा सेना अडवून धरतो. तेवढ्या वेळात जगाचा स्वामी घोड्यांच्या अंगातले बाण उपसतो, त्यांना चोळतो, पाणी पाजतो, चारतो आणि मग पुन्हा जुंपतो. जयद्रथ सूर्यास्तापूर्वीच मारला गेला. थांबल्यामुळे प्रतिज्ञा मोडली नाही.

माझा काल्याचा दहाचा वायदा अर्जुनाच्या प्रतिज्ञेहून मोठा होता काय?

त्याच रात्री युद्ध थांबले नाही, मशालींच्या उजेडात चालूच राहिले. घटोत्कच पडला. सैनिक झोपेने इतके आंधळे झाले की आपला कोण आणि परका कोण हे कळेना. तेव्हा अर्जुनाने मोठ्याने सांगितले की सर्वांनी इथेच झोप घ्यावी, चंद्र उगवल्यावर पुन्हा लढू. शत्रूनेही ते मान्य केले. कोणी घोड्याच्या पाठीवर, कोणी रथात, कोणी हत्तीच्या मानेवर टेकून झोपले, आणि दोन्हीकडच्या सैनिकांनी अर्जुनाला दुवा दिला. आता पाहा, हा अर्जुन कोण? गुडाकेश. गुडाका म्हणजे निद्रा, तिचा जो ईश तो गुडाकेश. ज्याने स्वतःची झोप जिंकली त्यालाच दुसऱ्याची झोप कळली. मी मात्र मागच्या बाकावर झोपून दुसऱ्याला जागण्याचा उपदेश करत होतो.

गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुण जीवाला कशाने बांधतो ते सांगताना भगवंतांनी तीन गोष्टी सांगितल्या आहेत: प्रमाद, आलस्य आणि निद्रा. क्रम लक्षात घ्या. प्रमाद पहिला, निद्रा शेवटी. प्रमाद म्हणजे करायच्या कर्तव्याचे भान सुटणे. आणि सहाव्या अध्यायात भगवंत म्हणतात की फार झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसा फार जागणाऱ्यालाही साधत नाही. म्हणजे झोप हा देहाचा धर्म आहे, ती भुकेसारखी येते. ती आली हा त्या पोराचा दोष नव्हता. ती आली असे त्याने सांगितल्यावर ज्याने गाडी हाकायला लावली, प्रमाद त्याचा. आमच्या जीपमध्ये निद्रा पुढच्या बाकावर होती आणि प्रमाद मागच्या.

कोणी म्हणेल, बुवा, मनाचा निग्रह असेल तर झोप आवरता येते. मी व्यासपीठावरून चाळीस वर्षे पाहिलेली गोष्ट सांगतो. पहाटेच्या जागराला मागे उभा असलेला टाळकरी झोपतो. डोळे उघडे असतात, हात चालू असतात, टाळ ठेक्यात पडत असतो. पण चाल बदलली की त्याचा टाळ जुन्याच लयीत पडतो, आणि मग तो दचकतो. त्याला विचारा, "झोपला होतास?" तो शपथेवर नाही म्हणेल, आणि तो खोटेही बोलत नसतो. त्याला खरोखरच कळलेले नसते. गाडीचेही तसेच होते. सरळ रस्त्यावर हात स्टिअरिंग धरून असतात, आणि वळण आले की ते कळत नाही. ही डुलकी अवघ्या तीन-चार सेकंदांची असते. पण ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ नव्वद मीटर गाडी सारथ्यावाचून धावते. टाळकऱ्याची चूक एका टाळाची, याची चूक चौदा जिवांची.

आणखी एक गोष्ट माळकऱ्यांनी नीट ऐकावी. अभ्यासकांनी जागरणाची मोजदाद केली आहे. सतरा ते एकोणीस तास सलग जागा असलेल्या माणसाचे हात-डोळे, रक्तात शंभर मिलिलिटरमागे पन्नास मिलिग्रॅम दारू असल्यासारखे मंदावतात. आपल्या देशात गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा तीस मिलिग्रॅमची आहे. म्हणजे ज्याने जन्मात थेंब तोंडाला लावला नाही, गळ्यात तुळशीची माळ आहे, तो नुसत्या जागरणाने त्या अवस्थेला जातो. प्यालेल्या माणसाच्या गाडीत आपण आपली आई बसवू का? मग ही गाडी आपण "पुंडलिक वरदा" म्हणत कशी हाकायला लावतो?

देहाचेही वेळापत्रक असते. रात्री दोन ते पहाटे पाच-सहा हा झोपेच्या भरतीचा काळ, आणि दुपारी दोन ते चार तिची लहान लाट. काकड्याला आपण उभे राहतो, टाळ्या वाजवतो, चार माणसांत गातो, तरी पेंग येते. गाडीतला माणूस तर एकाच जागी, एकाच दिशेला पाहत बसलेला.

यावर आपण जे उपाय करतो ते बहुतेक मनाच्या समाधानाचे. काच खाली करणे, तोंडावर पाणी, मोठ्या आवाजातली गाणी. यांनी काही मिनिटे बरे वाटते, झोप जात नाही. आणि हे सांगताना माझी जीभ जड होते, पण सांगतो: गाडीतले भजनही त्याला जागे ठेवीत नाही. भजन भगवंताच्या प्रेमासाठी करावे, ड्रायव्हर जागा राहावा म्हणून नव्हे. चहाने थोडा आधार मिळतो, पण तो अंगात उतरायला अर्धा तास लागतो. म्हणून चहा घ्यावा आणि लगेच सुरक्षित जागी गाडी लावून वीस मिनिटे झोपावे. त्यानेही वेळ काही काळापुरतीच निभते. झोपेचे खरे औषध झोपच. सर्दी-खोकल्याची काही औषधे गुंगी आणतात, तेही गाडीवर बसण्याआधी वैद्याला विचारावे.

मोटार कामगारांसाठी १९६१ सालचा कायदा होता. दिवसाला आठ तास काम, आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. आपण यात्रेची गाडी ठरवताना भाड्याची घासाघीस करतो. पण या माणसाचे आजचे आठ तास आधीच संपले आहेत का, हे विचारत नाही.

आपल्या संप्रदायात याचे उत्तर फार पूर्वीच दिलेले आहे. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवली जात नाही. अखंड म्हणतो आपण. पण एकच माणूस सात दिवस उभा असतो का? नाही. पहारे असतात. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, पाया पडतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो. वीणा अखंड राहते ती हात बदलतात म्हणून. पहारा संपूनही "मीच धरतो" म्हणणाऱ्याला आपण थोर भक्त म्हणत नाही, त्याला बसवतो. गाडीचे स्टिअरिंग ही त्या रात्रीची वीणा आहे असे समजा. लांबच्या वाटेला दोन चालवणारे न्या. दर दोन तासांनी थांबा. चालवणाऱ्याशेजारी म्हातारा किंवा झोपाळू माणूस बसवू नका, त्याच्याकडे लक्ष ठेवील असा जागा माणूस बसवा, आणि त्यालाही पहारा बदलून द्या. जांभया, मान लवणे, मागचे चार किलोमीटर कसे गेले ते न आठवणे, गाडी पट्टा सोडून सरकणे, यांतले एक जरी दिसले तरी गाडी थांबवा. पंढरीला पोचल्यावर आपण दर्शनाच्या बारीत उभे राहतो आणि चालवणाऱ्याला सामानावर राखण बसवतो. ते करू नका. त्याला आधी अंथरूण द्या. परतीच्या वाटेवर तुमचे प्राण त्याच्या त्या झोपेवर आहेत.

राहिला श्रद्धेचा प्रश्न. त्या रात्री गाडीतल्या एका काकांनीही मला तोच विचारला. "बुवा, तुमच्यासारख्या माणसाचा पांडुरंगावर विश्वास नाही?"

मी म्हणालो, "आहे. म्हणूनच थांबवतोय." देव सांभाळतो यावर माझा विश्वास चाकणच्या आधीही होता आणि आजही आहे. फरक इतकाच की तेव्हा मला वाटे, आपण कसेही वागलो तरी तो वरून हात देईल. आज वाटते, तो हात आधीच देतो. कधी चालवणाऱ्याच्या तोंडून, कधी त्याच्या लाल डोळ्यांतून. तो हात झिडकारायचा आणि मग झाडावर आदळल्यावर दुसरा हात मागायचा, याला श्रद्धा म्हणता येईल का, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला तरी म्हणता येत नाही.

२०२४ च्या आषाढीच्या तोंडावर डोंबिवलीकडून निघालेली वारकऱ्यांची बस मध्यरात्रीनंतर पनवेलजवळ द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला धडकून खाली गेली, पाच जीव गेले. त्या बातमीने मला चिंचेचे झाड पुन्हा दिसले. अपघाताची कारणे अनेक असतात, ती सगळी आपल्या हातात नसतात. जे एक कारण संपूर्ण आपल्या हातात आहे, ते तरी आपण सोडू नये, एवढेच मला तेव्हापासून वाटत आले आहे.

तर त्या नवमीच्या रात्री कुरकूर झाली. दशमीला वाखरीहून पालख्या निघतात, तो सोहळा हुकेल म्हणून दोघीजणी रडल्याही. त्या मुलालाच वाईट वाटत होते, "बुवा, माझ्यामुळे..." मी त्याला माझ्या खोलीत नेले आणि पंख्याखाली अंथरूण घातले. पाच मिनिटांत तो घोरायला लागला. बाकीची मंडळी गॅलरीत बसली. कोणीतरी सवयीने टाळ काढले. तेव्हा मघाशी रडणाऱ्या दोघींपैकी एक बाई, ऐंशीच्या घरातल्या, त्यांचे यजमानही गिरणीतले, बोट ओठावर ठेवून म्हणाल्या, "हळू. रातपाळीचा माणूस झोपलाय."

टाळ खाली ठेवले गेले. मंडळींनी हरिपाठ पुटपुटत म्हटला. पहाटे पाचला गाडी निघाली. वाखरीचा सोहळा हुकला. सायंकाळी चंद्रभागेच्या वाळवंटातून त्या मुलाने मला फोन केला आणि सगळ्यांना एकेक करून बोलायला लावले. मी मोजत होतो. चौदाही आवाज आले.

रामकृष्णहरी.